दुय्यम प्रवेशनलिका आणि व्हॅक्यूम-नियंत्रण : मोटार इंजिनाच्या इतिहासातील एक अभ्यास (१९६० ते २००१)

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा संस्थापक, कारखाने आणि अश्वशक्तीचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वास्तविक पेट्रोल इंजिनाची शक्ती प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये किती हवा भरली जाते यावर प्रामुख्याने अवलंबून असते. इंधन हवे तेवढे देता येते. हवा मात्र वातावरणाच्या दाबाने आत येईल तेवढीच मिळते. ही हवा ज्या नळ्यांतून सिलिंडरपर्यंत पोहोचते, त्यांना इंजिनाच्या परिभाषेत इनटेक रनर असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात त्यांच्यासाठी ‘प्रवेशनलिका’ ही संज्ञा वापरली आहे.

इ. स. १९८० नंतरच्या दोन दशकांत अनेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्रवेशनलिका देण्यात आल्या. पहिली नेहमी उघडी राही, तर दुसरी, म्हणजे दुय्यम नलिका, इंजिनाचा वेग वाढल्यावर व्हॅक्यूमच्या साहाय्याने उघडली जाई. ही योजना का निर्माण झाली, तिने इंजिनाच्या कार्यक्षमतेत नेमका कोणता फरक पडला आणि काही उत्पादकांनी ती स्वतःच का सोडून दिली, हे प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दुय्यम प्रवेशनलिकेच्या उदयामागील तांत्रिक व सामाजिक कारणांचा शोध घेणे.
२. व्हॅक्यूम-नियंत्रणाचे कार्य व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३. अश्वशक्तीच्या प्रसिद्ध आकड्यांचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्यमापन करणे.

अभ्यासाची व्याप्ती

प्रस्तुत अभ्यास अमेरिका व जपान येथील निवडक इंजिनांपुरता मर्यादित आहे. जर्मनीतील एका इंजिनाचा विचार अखेरीस संदर्भापुरता केला आहे. कालखंडाचा प्रारंभ १९६० मधील क्रायस्लर कंपनीच्या लांब नलिकांपासून आणि शेवट २००१ मधील बीएमडब्ल्यू कंपनीच्या अखंड बदलत्या लांबीच्या नलिकेपासून धरला आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

नळीच्या लांबीचा मूळ प्रश्न

दट्ट्या खाली जाऊ लागला की सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि कमी दाबाची एक लहर प्रवेशनलिकेतून बाहेरच्या दिशेने धावू लागते. नळीच्या उघड्या टोकाशी पोहोचल्यावर ती परावर्तित होऊन जास्त दाबाच्या लहरीच्या रूपात परत येते. झडप मिटण्यापूर्वी ही लहर परत पोहोचली, तर ती थोडी अधिक हवा आत ढकलते. उशिरा पोहोचली, तर तिचा उपयोग होत नाही.

या घटनेतील वेळेचे गणित उद्बोधक आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिनाची एक फेरी १० मिलिसेकंदांत पूर्ण होते. झडप २४० अंशांपर्यंत उघडी राहते असे धरल्यास हवा भरण्यासाठी सात मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. २,००० फेऱ्यांना हाच अवधी २० मिलिसेकंद इतका असतो. ध्वनिलहरीचा वेग मात्र दोन्ही वेळी साधारण सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर राहतो. त्यामुळे कमी वेगासाठी लांब नळी आणि अधिक वेगासाठी आखूड नळी आवश्यक ठरते. नळीच्या रुंदीबाबतही हाच विरोध आढळतो. अरुंद नळीत कमी वेगालाही हवेचा प्रवाह जलद राहतो व इंधन चांगले मिसळते, परंतु अधिक वेगाला तीच नळी हवेला अडथळा करते.

या प्रश्नाचे शास्त्रीय मूळ ध्वनिशास्त्रात आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ध्वनिसंवेदनेवरील ग्रंथात पोकळी व तिची मान यांच्या अनुनादाचे विवेचन केले होते. नळाखाली भरत जाणाऱ्या घागरीचा आवाज चढत जातो, तो आतील हवेची पोकळी लहान होत गेल्यामुळे. सिलिंडर ही पोकळी आणि प्रवेशनलिका ही तिची मान असे मानले, तर इंजिनालाही हा विचार लागू करता येतो. एच. डब्ल्यू. एंगलमन यांनी १९७३ मध्ये प्रवेशनलिकांच्या रचनेसंबंधी मांडलेली पद्धती याच तत्त्वावर आधारलेली होती.

१९६० : निवड ग्राहकावर

हा विरोध व्यवहारात किती स्पष्ट होता, हे क्रायस्लर ३००-एफ या १९६० च्या गाडीवरून दिसते. तिच्या ४१३ घनइंची, म्हणजे सुमारे ६.८ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर एका बाजूच्या कार्ब्युरेटरपासून दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरपर्यंत जाणाऱ्या, सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या बसवल्या होत्या. या इंजिनाची घोषित शक्ती ३७५ अश्वशक्ती होती. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४९५ पाउंड-फूट असून तो अवघ्या २,८०० फेऱ्यांना मिळत असे. रस्त्यावरील ओलांडणीसाठी हा गुण उपयुक्त होता, पण वरच्या वेगाला याच नळ्या मारक ठरत.

म्हणून कंपनीने मोजक्या गाड्यांसाठी दुसरा प्रकार उपलब्ध केला. त्यातील नळ्या बाहेरून तशाच दिसत. आतील विभाजक भिंतीचा भाग काढून त्यांची परिणामकारक लांबी निम्मी केलेली होती. या इंजिनाची घोषित शक्ती ४०० अश्वशक्ती असून टॉर्कचा उच्चबिंदू अधिक वेगाकडे सरकला होता. म्हणजे खालच्या वेगाचा जोर की वरच्या वेगाची शक्ती, याचा निर्णय ग्राहकाला गाडी विकत घेतानाच करावा लागे. एकच गाडी दोन्ही गोष्टी देऊ शकत नव्हती.

बदललेली परिस्थिती : १९७० ते १९८०

अमेरिकेत तोपर्यंत या प्रश्नावर सोपे उत्तर होते. इंजिन मोठे केले की दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागत. पुढील दशकात हे उत्तर महाग झाले. १९७० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात कठोर दुरुस्त्या झाल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर बंधन आणले.

जपानमध्ये दडपण वेगळ्या स्वरूपाचे होते. तेथे १९७८ मध्ये प्रवासी गाड्यांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम अशी कडक मर्यादा लागू झाली. शिवाय गाडीवरील वार्षिक कर इंजिनाच्या आकारमानानुसार आकारला जाई आणि दोन लिटरच्या पलीकडे गाडीचा वर्गच बदले. त्यामुळे लहान इंजिनातून अधिक शक्ती मिळवणे ही जपानी उत्पादकांची निकड बनली.

यावर त्यांनी दोन मार्ग शोधले. एक टर्बोचार्जरचा आणि दुसरा प्रत्येक सिलिंडरला चार झडपा देण्याचा. चार झडपांमुळे वरच्या वेगाला हवा मुबलक मिळू लागली. मात्र दोन प्रवेशझडपा व त्यांचे रुंद मार्ग यांमुळे कमी वेगाला हवेचा प्रवाह मंदावे, मिश्रण नीट होत नसे आणि टॉर्क घटे. शहरातील गर्दीत चालणाऱ्या गाडीला हा दोष परवडणारा नव्हता. दुय्यम नलिकेची गरज येथे उत्पन्न झाली.

व्हॅक्यूम : फुकटची शक्ती व तिचा अंतर्विरोध

दुय्यम नलिका उघडण्या-मिटण्यासाठी व्हॅक्यूमचीच निवड बहुतेकांनी का केली, याचे कारण परंपरेत आहे. इंजिन मंद चालत असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि दट्ट्ये हवा ओढत असल्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा बराच खाली जातो. हा फरक सुमारे ६० किलोपास्कल धरला आणि रबरी पडद्याचा व्यास ४० मिलिमीटर मानला, तर पडद्यावर सुमारे ७५ न्यूटन, म्हणजे जवळपास साडेसात किलो वजनाइतका जोर मिळतो. विजेची मोटर नको, दातेरी चाके नकोत. एक बारीक रबरी नळी पुरते. पावसातील काचपुसणी, ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा आणि पॉवर ब्रेक या सर्वांसाठी ही शक्ती अनेक दशके वापरात होती. ‘दुय्यम’ ही कल्पनाही नवी नव्हती. चार नळ्यांच्या अमेरिकन कार्ब्युरेटरमध्ये दोन प्राथमिक व दोन दुय्यम मार्ग असत आणि काही प्रकारांत दुय्यम मार्ग व्हॅक्यूमनेच उघडत.

तथापि या शक्तीत एक अंतर्विरोध आहे. चालकाने पेडल पूर्ण दाबले की थ्रॉटल उघडते आणि मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. दुय्यम नलिकेवरील नियंत्रणाची खरी गरज मात्र त्याच क्षणी असते. म्हणून व्हॅक्यूम साठवणारी लहान टाकी आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप यांची जोड द्यावी लागली. १९८० च्या दशकात इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण रूढ झाल्यावर ठरावीक वेगाला विजेच्या झडपेमार्फत हा साठा पडद्यापर्यंत पोहोचवणे किंवा तोडणे सुलभ झाले. निर्णय संगणकाचा आणि श्रम हवेचे, अशी ही विभागणी होती.

जपान, १९८३ : टोयोटाची योजना

या योजनेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे टोयोटा कंपनीची टी-व्हिस ही प्रणाली होय. १९८३ मध्ये आलेल्या ४ए-जीई या १,५८७ घनसेंटिमीटरच्या, सोळा झडपांच्या इंजिनावर ती बसवण्यात आली. हे इंजिन कोरोला लेविन व स्प्रिंटर ट्रुएनो या गाड्यांत आणि १९८४ पासून एमआर-२ या गाडीत वापरले गेले. प्रत्येक प्रवेशझडपेला स्वतंत्र नलिका होती. दोहोंपैकी एका नलिकेत फुलपाखरी झडप असून ती कमी वेगाला बंद राही. इंजिनाचा वेग मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेल्यानंतर ती उघडे.

येथील परिणाम समजून घेणे महत्त्वाचे आहे. हवेचे प्रमाण तेच आणि मार्ग निम्मा, म्हणून उघड्या नलिकेतील प्रवाहाचा वेग जवळपास दुप्पट होतो. हवा सिलिंडरमध्ये एका बाजूने शिरत असल्याने तिला भोवऱ्याची गती मिळते आणि इंधन अधिक चांगले मिसळते. यातून कमी व मध्यम वेगाचा टॉर्क सुधारतो. वरच्या वेगाला दोन्ही नलिका उघडल्या की इंजिन दुय्यम झडप नसलेल्या इंजिनासारखेच वागते. म्हणजेच दुय्यम नलिका बंद ठेवण्यातून मिळणारा लाभ खालच्या वेगाचा आहे. उघडलेली नलिका केवळ वरच्या वेगाचे नुकसान टाळते. कमाल अश्वशक्तीत या यंत्रणेने स्वतः भर घातली असे म्हणता येत नाही.

४ए-जीई इंजिनाच्या रचनेत यामाहा कंपनीचा सहभाग होता. फोर्ड टॉरस एसएचओ या १९८९ च्या अमेरिकन गाडीचे तीन लिटरचे, २२० अश्वशक्तीचे इंजिनही यामाहाचेच असून त्याच्या बारा नलिकांपैकी दुय्यम नलिका सुमारे ४,००० फेऱ्यांना उघडत. या उद्योगाची सुरुवात १८८७ मध्ये तोराकुसू यामाहा यांच्या पेटीसारख्या वाद्याच्या कामातून झाली, ही बाब लक्षणीय आहे. तिला कार्यकारण मानण्याचे कारण नाही. मात्र वाद्य व इंजिन या दोहोंत हवेच्या कंपनाचा विचार करावा लागतो, एवढे यातून लक्षात येते.

अमेरिका, १९९० : दुसरी किल्ली

शेव्हरोलेट कॉर्व्हेट झेडआर-१ या १९९० च्या गाडीत ही कल्पना सर्वाधिक विस्ताराने अमलात आली. तिचे एलटी-५ हे ५.७ लिटरचे, बत्तीस झडपांचे इंजिन तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीच्या लोटस कंपनीने आखले आणि ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे मर्क्युरी मरीन या कंपनीने बांधले. आठ सिलिंडरना सोळा नलिका व सोळा इंधन-फवारे होते. साध्या चालवण्यात आठ नलिका व त्यांचे आठ फवारेच काम करीत. वेग व पेडलची स्थिती यांनुसार उरलेले आठ सामील होत. यासाठी लागणारा व्हॅक्यूम विजेच्या पंपाने निर्माण करून साठवला जाई. मॅनिफोल्डच्या फुकटच्या शक्तीवर अवलंबून राहणे रचनाकारांनी येथे टाळलेले दिसते.

या गाडीत चालकाजवळ एक वेगळी किल्ली दिलेली होती. ती फिरवल्याशिवाय दुय्यम नलिका उघडत नसत. गाडी परक्याच्या हाती देताना मालकाला तिची पूर्ण शक्ती रोखून धरता यावी, हा त्यामागील हेतू होता. १९६० मध्ये खरेदीच्या वेळी करावी लागणारी निवड तीस वर्षांनी चालकाच्या हातात आली, असे या किल्लीविषयी म्हणता येईल.

या यंत्रणेतील बिघाडाचे स्वरूपही नोंद घेण्याजोगे आहे. रबरी नळी तडकली किंवा पंप थकला, तर इंजिन बंद पडत नाही. दुय्यम नलिका मिटलेल्याच राहतात आणि वरच्या वेगाची शक्ती हरवते. ज्या इंजिनांत व्हॅक्यूम नलिका मिटवतो व स्प्रिंग ती उघडते, तेथे याच बिघाडाने उलट परिणाम होऊन खालच्या वेगाचा टॉर्क घटतो. दोन्ही प्रसंगी गाडी चालत राहते, त्यामुळे दोष अनेक दिवस ध्यानात येत नाही. व्हॅक्यूमची नळी हाताने तपासणाऱ्या मेकॅनिकचे अनुभवजन्य ज्ञान म्हणूनच या इतिहासाचा एक भाग ठरते.

योजनेची माघार

टोयोटाने १९८९ मध्ये ४ए-जीईची सुधारित आवृत्ती आणली, तेव्हा टी-व्हिस काढून टाकली. त्याऐवजी हवेचे मार्गच अरुंद केले आणि संपीडन गुणोत्तर ९.४ वरून १०.३ पर्यंत वाढवले. जपानमधील निव्वळ मापनानुसार शक्ती १२० वरून १४० मेट्रिक अश्वशक्तीवर गेली. मूळ मार्ग गरजेपेक्षा रुंद असल्याने जो दोष दुय्यम झडपेने झाकला होता, तो मार्गाची रुंदीच कमी करून दूर करण्यात आला.

होंडाच्या बाबतीत अशीच घडामोड दिसते. १९९४ च्या इंटेग्रा जीएस-आर या गाडीच्या १.८ लिटरच्या इंजिनात झडपांची हालचाल बदलणारी व्हीटेक प्रणाली होती, त्याचबरोबर ५,७५० फेऱ्यांना उघडणाऱ्या दुय्यम नलिकाही होत्या. अमेरिकेत त्याची शक्ती ७,६०० फेऱ्यांना १७० अश्वशक्ती होती. १९९७ मध्ये तेथे आलेल्या टाइप-आर आवृत्तीत दुय्यम नलिका वगळून एकेरी मॅनिफोल्ड दिले गेले. इतरही अनेक बदलांसह शक्ती ८,००० फेऱ्यांना १९५ अश्वशक्ती झाली. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीला खालच्या वेगाची चिंता कमी होती, म्हणून तिला या यंत्रणेचे वजन व गुंतागुंत नको होती.

पुढे २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने एन-६२ या व्ही-८ इंजिनात नलिकेची लांबी ६७३ मिलिमीटरपासून २३१ मिलिमीटरपर्यंत अखंड बदलणारी रचना आणली. ती विजेच्या मोटरने चालत असे. त्या इंजिनात हवेचे नियंत्रण थ्रॉटलऐवजी मुख्यतः झडपांच्या उंचीने होत असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूमच उरत नव्हता. ज्या शक्तीवर दुय्यम नलिका उभी राहिली, ती शक्ती इंजिनाच्या पुढील सुधारणेनेच संपुष्टात आणली.

आकड्यांची साधनचिकित्सा

वरील विवेचनातून संशोधकासाठी एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. क्रायस्लर ३००-एफ आणि कॉर्व्हेट झेडआर-१ या दोन्ही गाड्यांची घोषित शक्ती ३७५ अश्वशक्ती हीच आहे. परंतु १९६० चा आकडा स्थूल मापनाचा, म्हणजे गाडीतील सर्व जोडण्यांचा भार न लावता घेतलेला आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी निव्वळ मापन रूढ झाले आणि १९९० चा आकडा त्या पद्धतीचा आहे. तीस वर्षांत प्रगती झाली नाही, असा निष्कर्ष या दोन समान आकड्यांवरून काढणे म्हणजे साधनाची चिकित्सा न करणे होय. जपानमध्येही हाच बदल १९८० च्या दशकात झाला. त्यामुळे १९८३ च्या ४ए-जीईची १३० ही स्थूल संख्या १९८९ च्या १४० या निव्वळ संख्येशेजारी ठेवल्यास फरक प्रत्यक्षापेक्षा लहान भासतो.

याहून मूलभूत अडचण अशी की, कमाल अश्वशक्तीचा एकच आकडा दुय्यम नलिकेचे कार्य सांगूच शकत नाही. तिचा परिणाम टॉर्कच्या आलेखाच्या डाव्या भागात, म्हणजे दैनंदिन वापराच्या वेगात आढळतो. जाहिरातीत मात्र उजव्या टोकाचा आकडा छापला जातो. केवळ त्या आकड्यावर विसंबणाऱ्या इतिहासात टी-व्हिस हा फसलेला प्रयोग ठरेल, कारण ती काढल्यावर शक्ती वाढली. तिच्या काळाचा प्रश्न लक्षात घेतला, तर ती योग्य व स्वस्त उत्तर ठरते.

निष्कर्ष

१. दुय्यम प्रवेशनलिका ही स्थिर नळीमुळे येणाऱ्या अपरिहार्य निवडीवरील तोड होती. तिचा मुख्य लाभ कमाल शक्तीत नसून वापरण्याजोग्या टॉर्कचा पट्टा रुंदावण्यात होता.

२. तिच्या उदयामागे केवळ संशोधकांची कल्पकता नव्हती. जपानमधील प्रदूषण-मर्यादा, आकारमानावरील कर आणि चार झडपांच्या रचनेतील दोष ही कारणे एकत्र आली.

३. व्हॅक्यूमची निवड स्वस्त व परिचित असल्यामुळे झाली. मात्र गरजेच्या क्षणी व्हॅक्यूम नाहीसा होणे हा तिचा अंगभूत दोष होता. टाकी, एकदिशा झडप व पंप ही त्या दोषावरील मलमपट्टी होय.

४. या यंत्रणेचा त्याग हा तिचा पराभव मानता येत नाही. एकाच इंजिनावर सहा वर्षांच्या अंतराने ती प्रथम आवश्यक आणि नंतर अनावश्यक ठरली, कारण मूळ प्रश्नच वेगळ्या मार्गाने सोडवला गेला.

५. तंत्रज्ञानाच्या इतिहासात घोषित आकड्यांचा उपयोग करताना मापनपद्धती, देश व वर्ष यांची नोंद अनिवार्य आहे. शिलालेख किंवा बखर यांना लावली जाणारी चिकित्सेची शिस्त तांत्रिक माहितीपत्रकालाही लावली पाहिजे. तसे न केल्यास यंत्रांचा इतिहास हा विक्रेत्यांनी लिहिलेला इतिहास होऊन बसतो.